दागिन्यांचे फोटो: पांढरं राखाडी येतंय, सोनं हिरवट दिसतंय

चिंचपेटी
सोन्या मारुती चौकाजवळच्या दुकानाचा ऑनलाइन कॅटलॉग करायचा आहे. साधारण १४० नग आहेत: ठुशी, चिंचपेट्या, नथी, मोत्यांच्या कुड्या, पाटल्या, मंगळसूत्रं आणि थोड्या हिऱ्यांच्या अंगठ्या. सगळ्यांना पांढरीशुभ्र पार्श्वभूमी हवी, सावली असली तर अगदी हलकी.

सामान: क्रॉप सेन्सरचा २४ मेगापिक्सेल डीएसएलआर, १८-५५ किट लेन्स, ट्रायपॉड. १६ इंची कापडी लाइट बॉक्स, त्याच्या छताला एलईडी पट्ट्या. खोलीत एक ट्यूबलाइट.

अडचणी अशा:
१. बॉक्स पांढरा, कागद पांढरा, तरी फोटोत पार्श्वभूमी राखाडी. उजेड वाढवला की सोनं पांढुरकं पडतं.
२. २२ कॅरेटचं सोनं हिरवट-पितळी दिसतं.
३. ठुशीच्या प्रत्येक मण्यात मधोमध काळा ठिपका. मंगळसूत्राच्या वाट्यांत तर अख्खा कॅमेरा दिसतो.
४. नथीचे मोती पार्श्वभूमीत विरघळतात.
५. अंगठीचा पुढचा भाग स्पष्ट, मागचा धुरकट.

मॅक्रो लेन्स घ्यायचीच असेल तर घेऊ, पण आधी आहे त्यात काय सुधारतं ते कळू द्या.


काळा_पुठ्ठा
लेन्स राहू द्या. तुमच्या पाचपैकी तीन अडचणी उजेडाच्या मांडणीच्या आहेत.

पहिल्या अडचणीचं कारण सरळ आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे येईल ते मध्यम राखाडी धरतं. चौकटीचा ८० टक्के भाग पांढरा असला तरी त्याच्या लेखी तो राखाडीच. एक्स्पोजर +१.३ ते +२ पर्यंत वाढवलं की कागद पांढरा होतो, पण त्याच उजेडात ठेवलेला दागिनाही तेवढाच उजळतो. तुमचं सोनं पांढुरकं पडतंय ते यामुळे. दागिना आणि पार्श्वभूमी यांना वेगवेगळा उजेड दिल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि छताला पट्ट्या लावलेल्या बॉक्समध्ये ते जमत नाही.

बॉक्स बाजूला ठेवून हे करा. साइनबोर्डवाल्याकडून ३ मिमी जाडीचं दुधी अ‍ॅक्रिलिक ६० बाय ६० सेंटिमीटर कापून घ्या. पारदर्शक नको, दुधीच. दोन बाजूंना विटा किंवा पुस्तकांच्या चवडी लावून ते टेबलापासून २५ सेंटिमीटर उंच टेका. खाली टेबलावर पांढरा कार्डशीट पसरा आणि एक एलईडी दिवा त्या कार्डशीटकडे तोंड करून ठेवा. दिवा थेट वर, अ‍ॅक्रिलिककडे रोखू नका, मधोमध गरगरीत डाग दिसतो. कागदावर आपटून वर आलेला उजेड एकसारखा पसरतो.

आता वरचे दिवे बंद करून फक्त खालचा लावा. दागिना काळी आकृती दिसेल, पार्श्वभूमी पांढरी. कॅमेऱ्यात हायलाइट अलर्ट (फार उजळ झालेला भाग पडद्यावर लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू करा आणि पार्श्वभूमी सगळीकडे जेमतेम लुकलुकायला लागेल एवढं शटर ठेवा. त्याहून फार तर अर्धा स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). इथे हात सैल सोडू नका. खालचा उजेड दीड-दोन स्टॉपने जास्त झाला की तो दागिन्याच्या कडा खातो, बारीक साखळी तुटक दिसते, सगळ्या फोटोवर दुधाळ झाक येते.

मग वरचे दोन दिवे, डावीकडे आणि उजवीकडे. प्रत्येकापुढे ट्रेसिंग पेपरची चौकट, साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटर. दिवा कागदाला चिकटवू नका, किमान १५ सेंटिमीटर मागे ठेवा. सोन्याला दिवा दिसत नाही, त्याला कागद दिसतो. कागदावर भगभगीत डाग असेल तर पाटलीवरही तोच डाग. दिवा थोडा तिरका करून कागदाचं एक टोक उजळ आणि दुसरं मंद ठेवलंत, तर पाटलीवर उजेड हळूहळू उतरत जातो आणि तिची गोलाई कळते.

एवढं झाल्यावरही सोनं सपाट दिसेल, कारण त्याच्या चारी बाजूंना पांढरंच आहे. चकाकत्या धातूला स्वतःचा असा चेहरा नसतो, समोर जे असेल तेच तो दाखवतो. काळ्या कार्डशीटच्या १ ते २ सेंटिमीटर रुंद, ६-८ सेंटिमीटर उंच पट्ट्या कापा, दुमडून उभ्या करा आणि चौकटीच्या अगदी बाहेर, दागिन्याच्या दोन्ही अंगांना ठेवा. कडेला बारीक गडद रेघ उमटते आणि सोनं पांढऱ्यातून सुटून पुढे येतं. पट्टी एकेक सेंटिमीटर सरकवत लाइव्ह व्ह्यूमध्ये बघा. फार जवळ आली तर रेघेचा पट्टा होतो. शुद्ध काळी रेघ सोन्यावर जरा कठोर वाटते, म्हणून पिवळ्या सोन्याला गडद तपकिरी पुठ्ठा लावून पाहा, कडा तांबूस-सोनेरी येतात. चांदीला मात्र काळाच हवा.

आणि एक, जे सहसा कुणी करत नाही: चौकटीबाहेर उरलेलं अ‍ॅक्रिलिक काळ्या कागदाने झाका. तुम्हाला इवलीशी कुडी काढायची आणि भोवती ६० सेंटिमीटरचा पांढरा चौक पेटलेला, तर तो सगळा उजेड दागिन्याच्या कडांवर चढतो. फोटोत दिसेल तेवढीच खिडकी उघडी ठेवा. तुमची चौथी अडचण, मोती विरघळण्याची, अर्धी यानेच जाईल.

सामान घ्यायला लांब जायला नको. ट्रेसिंग पेपर आणि कार्डशीट अप्पा बळवंत चौकात, दिवे तपकीर गल्लीत, दोन्ही तुमच्यापासून चालत. ट्रेसिंग पेपर ९० जीएसएमच्या आसपासचा मागा. पातळ बटर पेपर दिव्याच्या उबेने आणि पावसाळी हवेने लाटा घेतो, आणि त्या लाटाही पाटलीवर उमटतात.


अर्धा_स्टॉप
दुसऱ्या अडचणीबद्दल. आधी ट्यूबलाइट बंद करा. दोन प्रकारचे उजेड मिसळले की दागिन्याची एक बाजू हिरवट, दुसरी निळसर येते आणि कुठलाही व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंगात करतो तो बदल) दोन्हींना एकदम लागू पडत नाही. खिडकीवर पडदा ओढा, तोही रंगीत नको.

दुसरं, दिव्याचा सीआरआय बघा, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा. खोक्यावर ९५ किंवा जास्त लिहिलेलं हवं, आणि आर९ चा आकडा वेगळा दिला असेल तर तोही ९० च्या पुढचा. सीआरआयची सरासरी पहिल्या आठ फिकट रंगांवरून काढतात, आर९ म्हणजे गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे सीआरआय ८० चा साधा बल्ब डोळ्यांना चालून जातो, पण लाल भाग कमी पडल्याने सोनं पितळी आणि माणिक विटकरी दिसतं. ५५०० केल्विनच्या आसपासचे, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे तीन दिवे घ्या. खालचा एक वेगळा घेतलात तरी चालेल असं वाटतं, पण चालत नाही, त्याची झाक मोत्यांच्या खालच्या अंगाला चढते.

ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. चौकटीत पिवळं जास्त दिसलं की कॅमेरा त्याला उजेडाचा दोष समजून निळ्याकडे ओढतो. मोठ्या तोड्यात जास्त, बारीक बुगडीत कमी, म्हणजे एकाच कॅटलॉगमध्ये एकाच कॅरेटचे दोन रंग. वरचे दिवे लावून, दागिन्याच्या जागी ग्रे कार्ड ठेवून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. दिवे हलवलेत किंवा ट्रेसिंग पेपर बदललात की पुन्हा घ्या. फाइल रॉ ठेवा.

रंगाचा तिसरा चोर म्हणजे आजूबाजूच्या वस्तू. सराफी गुलाबी कागद टेबलावर पसरलेला असेल तर तो सोन्यात उमटणारच. लाल मखमली डबी, भगवा शर्ट, निळी खुर्ची, सगळं दूर. काढणाऱ्याने काळे किंवा राखाडी कपडे घालावेत.

फोनने काढणाऱ्या मंडळींसाठी: स्वस्त एलईडी आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनने शटर १/३२० वगैरे घेतलं की फोटोत आडवे पट्टे येतात. प्रो मोडमध्ये १/५० किंवा १/१०० ठेवा, आयएसओ ५०-१००. डीएसएलआर ट्रायपॉडवर असताना शटर १/४ किंवा १/८ सेकंद येईल, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.


तंगूस
नथ उभी कशी करायची हे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

नथ आडवी ठेवली की तिचा फासा खाली दबतो आणि मोत्यांची ओळ कॅमेऱ्याकडे पाठ करते. ती लटकवा. वर एक आडवी काठी, तिला मासेमारीचा तंगूस, ०.१ ते ०.१५ मिमी जाडीचा. जाड घेतलात तर त्याला स्वतःची चमक असते आणि मोत्यावर त्याची रेघ दिसते. दोन ठिकाणी बांधा, एका ठिकाणी बांधलेली नथ गिरकी घेत राहते. मागे पार्श्वभूमीला दुसरा पांढरा कागद, नथीपासून ४०-५० सेंटिमीटर लांब, आणि त्याला वेगळा दिवा. लांब असल्यामुळे नथीची सावली त्यावर पडत नाही आणि त्याचा उजेड नथीच्या कडा खात नाही. तंगूस नंतर हीलिंग ब्रशने पुसायचा, पांढऱ्यावर ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वर सांगितलेल्या काळ्या पट्ट्यांमुळे नथ ठसठशीत दिसेल.

पंखा बंद करा. लटकलेली कुडी पंख्याच्या वाऱ्याने डोळ्यांना दिसणार नाही इतकी हलते आणि १/४ सेकंदाच्या शटरला ते पुरेसं आहे. रस्त्यालगतच्या पहिल्या मजल्यावर बस-टेंपोचे हादरेही टेबलात येतात. दुपारच्या बंद वेळात काम उरका, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा.

मोत्यांना दोन्हीकडून सारखा मऊ उजेड दिला की ते खडूच्या गोळ्यांसारखे दिसतात. मोत्याचं पाणी दिसायला एका बाजूचा दिवा दुसरीपेक्षा निम्मा करा किंवा मागे सरकवा. मग प्रत्येक मोत्यावर एक लहान चमक, तिच्याभोवती हळूहळू गडद होत जाणारी गोलाई आणि खालच्या अंगाला हलका गुलाबी-हिरवा रंग, असं क्रमाने उतरतं. मोती मोठा असेल तर हे नीट बघा. चमक मोत्याच्या मधोमध नको, थोडी वर आणि एका बाजूला हवी, तेव्हाच तो गोल वाटतो.

अंगठी उभी करायला ब्लू टॅकचा (चिकट पुटीचा) ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा पुरतो, तो अंगठीच्या मागे दडवा. मोत्यांना आणि कुंदनाला मात्र ब्लू टॅक, दुहेरी टेप, गोंद काहीही लावू नका. मोत्याचा थर निघतो, कुंदनाची मागची पन्नी दमट झाली की खडा काळवंडतो.

पुसाई: सुती हातमोजे, आधी हवेचा फुगा, मग कोरडं मायक्रोफायबर. सोन्याच्या साध्या पाटल्या कोमट पाण्यात पातळ साबणाने धुतल्या तरी चालतात. मोत्यांना व्हिनेगर, स्पिरिट, अल्ट्रासोनिक यातलं काही नाही. अ‍ॅक्रिलिक कोरड्या कापडाने घासलं की त्याला स्थिर वीज येते आणि खोलीतली सगळी धूळ त्यावर धाव घेते. जरासं ओलसर कापड फिरवा. जवळून काढलेल्या फोटोत धुळीचा कण म्हणजे चक्क दगड असतो, आणि १४० फोटोंतून तो पुसत बसण्यापेक्षा आधी दहा सेकंद पुसलेलं परवडतं.


घाईत_आहे
एवढा खटाटोप कशाला? हल्ली फोनवर काढायचं आणि बॅकग्राउंड रिमूव्ह करणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकायचं. पाच सेकंदांत पांढरं.


काळा_पुठ्ठा
पाच सेकंदांत पांढरं होतं, खरंय. पण नथीच्या तारेमधली फट, साखळीच्या कड्यांमधली भोकं, झुमक्याच्या जाळीतले कप्पे यात जुनी पार्श्वभूमी तशीच राहते, नाहीतर अ‍ॅप तारच खाऊन टाकतं. शिवाय पार्श्वभूमी कापली तरी सोन्यात उमटलेली खोली कापता येत नाही. निळ्या टेबलावर काढलेली पाटली पांढऱ्यावर चिकटवली, तर तिच्या पोटात निळं टेबल राहतंच. अ‍ॅप वापरा, पण आधीच पांढऱ्यावर काढलेल्या फोटोवर. मग त्याला फारसं काम उरत नाही.


चिंचपेटी
सगळ्यांचे आभार. अ‍ॅक्रिलिक आणि पुठ्ठ्यांनी फरक लगेच दिसला. पांढरं पांढरं येतंय, ट्यूब बंद केल्यावर हिरवटपणाही गेला. नथ लटकवून काढली, मोती सुटे दिसतात.

राहिलं ते ठुशीचे ठिपके, वाट्यांतला कॅमेरा आणि अंगठीचा धुरकटपणा.


रविवार_पेठ
वाट्यांसाठी मंगळसूत्र थोडं तिरकं करा, १०-१५ अंश. कॅमेरा चौकटीतून बाहेर जातो.


छिद्र_११
सपाट पदकाला हा उपाय बरोबर आहे, वाटीला नाही. सपाट पृष्ठभाग तिरका केला की त्यात दिसणारी गोष्ट बदलते. वाटी किंवा ठुशीचा मणी बाहेरून गोल असतो. तो कसाही फिरवा, त्याच्यावर कुठला तरी एक बिंदू थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून असतोच आणि कॅमेरा तिथे दिसतो. म्हणजे तो घालवता येत नाही, लहान करता येतो किंवा झाकता येतो.

लहान करण्याचा हिशोब असा. गोल आरशातल्या प्रतिमेचा आकार म्हणजे, ढोबळ मानाने, वस्तूचा आकार गुणिले गोलाची त्रिज्या, भागिले अंतराची दुप्पट. वाटी १४ मिमी व्यासाची, म्हणजे त्रिज्या ७. कॅमेरा १२० मिमी रुंद. ३० सेंटिमीटरवरून काढलं तर वाटीत १.४ मिमीचा काळा डाग, म्हणजे तिच्या रुंदीच्या दहाव्या हिश्शाइतका. ६० सेंटिमीटरवरून ०.७ मिमी. ठुशीच्या ४ मिमी मण्यात तोच डाग ६० सेंटिमीटरवरून ०.२ मिमी राहतो. तेव्हा किट लेन्स ५५ वर लावा, मागे जा आणि नंतर क्रॉप करा. मॅक्रो घ्यायचीच झाली तर ९०-१०५ मिमीची घ्या, ती याच कारणासाठी. ५०-६० मिमीची मॅक्रो दागिन्याच्या नाकाला लागते, उजेड अडवते.

झाकायचं असं: ए४ आकाराच्या पांढऱ्या कार्डशीटला लेन्सच्या पुढच्या काचेएवढं भोक पाडून ते लेन्सवर चढवा. कॅमेरा, ट्रायपॉडचं डोकं, तुमचा चेहरा सगळं मागे जातं आणि वाटीत फक्त लेन्सचं भोक उरतं, त्या १२० मिमीऐवजी साधारण ५०. वरच्या हिशोबाने ६० सेंटिमीटरवर ०.३ मिमीचा ठिपका. वाट्यांवर तो दोन टिचक्यांत पुसता येतो. ठुशीच्या मण्यांवर पुसूच नका. प्रत्येक मण्यात एकाच जागी बारीक गडद ठिपका असला तर डोळा तो नक्षीसारखा स्वीकारतो. अर्धे पुसले, अर्धे राहिले की मात्र खटकतं.

उलट घाई करून ठुशीला चारी बाजूंनी पांढऱ्यात कोंडू नका, मणी पिवळ्या प्लास्टिकचे होतात. मण्याला तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: डावीकडे एक उजळ कागद, उजवीकडे मंद कागद, आणि त्यांच्या मध्ये वरून खाली येणारी एक अरुंद गडद फट. ती फट म्हणजेच मण्यांवर उमटणारी उभी गडद रेघ, जिच्यामुळे ठुशी भरीव दिसते.


अर्धा_स्टॉप
अंगठीच्या धुरकटपणाबद्दल आकडेच देतो.

तुमची किट लेन्स सर्वात जवळ गेली तर साधारण पाव पट मोठेपण देते, काही मॉडेलमध्ये एक तृतीयांश. म्हणजे चौकटीत ७ ते ९ सेंटिमीटर रुंदी मावते. क्रॉप सेन्सरवर पाव पटीला लेन्सचं छिद्र एफ/११ ठेवलं (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) तर स्पष्टतेची खोली सुमारे ९ मिमी. अंगठी पुढून मागे २० मिमी. बसणार नाहीच.

एफ/२२ करायचा मोह होईल, करू नका. छिद्र फार बारीक झालं की उजेड कडांवर पसरतो आणि सगळाच फोटो सारखा मऊ होतो. जवळ जाताना छिद्र आणखी बारीक वागतं: मोठेपण ०.६ असेल तर एफ/१६ चं काम एफ/२५ सारखं होतं. किट लेन्सवर एफ/८ ते एफ/११ मध्येच राहा.

त्यापेक्षा फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो एकात जोडणं. एफ/८ ला पाव पटीवर खोली ६ मिमीच्या जवळपास, म्हणून दर ४ मिमीला एक फोटो, अंगठीला ५-६ पुरेत. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावून ०.६ पटीवर गेलात तर एफ/८ ला खोली दीड मिमीच्या आत, तिथे दर एक मिमीला फोटो म्हणजे साधारण २०. फोकस सगळ्यात पुढच्या खड्यापासून थोडा अलीकडे सुरू करा आणि मागच्या कड्यापलीकडे संपवा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं मॅन्युअल, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडवर ते उलट चौकट किंचित सरकवतं. जोडायला फोटोशॉपचं ऑटो ब्लेंड लेअर्स चालतं. हेलिकॉन फोकस किंवा झेरिन स्टॅकर खड्यांच्या कडा जास्त स्वच्छ जोडतात. मण्यांभोवती प्रभावळ दिसली तर फोटोंमधलं अंतर जास्त झालंय असं समजा.

पण हे १४० नगांना करू नका. ठुशी, चिंचपेटी, मंगळसूत्र वरून सरळ खाली बघत काढा, दागिना सेन्सरला समांतर असला की ९ मिमी खोली भरपूर झाली. स्टॅकिंग फक्त अंगठ्या, तोडे आणि तिरक्या पाटल्यांना.

आणि मोठेपणाची फार हौस नको. अंगठी २० मिमी, चौकट ९० मिमी, सेन्सरची रुंदी ६००० पिक्सेल. अंगठीला १३०० पिक्सेल मिळतात. अ‍ॅमेझॉनच्या मुख्य फोटोची अट बघा: पार्श्वभूमी २५५-२५५-२५५ म्हणजे शुद्ध पांढरी, वस्तूने ८५ टक्के चौकट व्यापलेली, झूम चालायला लांब बाजू किमान १००० पिक्सेल. किट लेन्सच्या क्रॉपमध्ये ते बसतं. मॅक्रोचे पैसे आधी चांगल्या दिव्यांवर घाला.


तंगूस
हिऱ्यांच्या अंगठ्यांना वरची सगळी मांडणी अपुरी पडेल. मऊ उजेडात सोनं छान, हिरा मेलेला. हिऱ्याला लखलखायला लहान, टोकदार उजेड लागतो. दोन्ही कागदी चौकटी तशाच ठेवा आणि तिसरा, अगदी लहान एलईडी टॉर्च वरून तिरका मारा, मध्ये कागद नको. टॉर्च हातात धरून हळूहळू फिरवा, एकेक पैलू पेटतो-विझतो. चार-पाच जागांवरून एकेक फोटो घ्या आणि संगणकावर प्रत्येकातले पेटलेले पैलू लाइटन मोडमध्ये वरच्या थरात जोडा. त्या टॉर्चचा रंगही बाकीच्यांशी जुळता हवा.

हिऱ्याच्या आत थोडं काळंही दिसू द्या. लेन्सवरचा पांढरा कार्डशीट इथे काढून टाका. हिऱ्याला कॅमेऱ्याचा काळेपणा उपयोगी पडतो, त्याने पैलू वेगळे कळतात.

पोलरायझर फिल्टर घ्यावा का असं पुढे कुणीतरी विचारेलच. साध्या दिव्यांखाली सोन्याची चमक त्याने जात नाही, धातूवरची चमक तशी ध्रुवीकृत नसते. तो मीनाकामावरची आणि खड्यांवरची चमक कमी करतो, म्हणजे बहुतेक वेळा जी हवी असते तीच.


छिद्र_११
संपादनात शेवटचं. पांढरं झालं का हे डोळ्यांनी ठरवू नका, मॉनिटर फसवतो. आयड्रॉपर (त्या जागेचा रंग आकड्यांत दाखवणारं साधन) चार कोपऱ्यांत आणि दागिन्याच्या अगदी कडेशी ठेवून आकडे वाचा. २४५ ते २५२ येत असतील तर मांडणी उत्तम आहे, लेव्हल्समध्ये पांढरं टोक तेवढं आत ओढा. २३० च्या खाली असेल तर ओढू नका, दागिन्याचे उजळ भागही फाटतील. पुन्हा काढा. कोपरा २५५ आणि मध्य २४० असं असेल तर खालचा दिवा सरकलाय.

दागिन्याखालची स्पर्शाची सावली पूर्ण पुसू नका, दागिना हवेत तरंगतो. अ‍ॅक्रिलिकवरचं हलकं प्रतिबिंबही राहू द्या. काही जण अ‍ॅक्रिलिकऐवजी काच वापरतात, पण काचेच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पृष्ठांतून प्रतिबिंब येतं आणि दुहेरी दिसतं. शेवटी एसआरजीबीमध्ये जेपेग. अ‍ॅडोबी आरजीबीत राहिलेली फाइल ग्राहकाच्या फोनवर फिकी दिसते आणि मग "फोटोत वेगळं होतं" हे ऐकावं लागतं.


चिंचपेटी
अंगठी सहा फोटोंत जोडली, मागचं कडंही स्पष्ट आलं. लेन्सवर भोकाचा कार्डशीट चढवल्यापासून वाट्यांत फक्त ठिपका आहे.

एकच राहिलं. हॉलमार्कचा जवळून फोटो द्यायचा आहे, पण अक्षरं दिसतच नाहीत. साध्या चकाकत्या सोन्यावर कोरलेली आहेत.


काळा_पुठ्ठा
लेझरची कोर फार उथळ असते. पांढरा कागद त्या जागी उमटलेला असेल तर अक्षरं त्यात बुडतात. इथे उलट करा: सपाट भागात काळा पुठ्ठा उमटेल असा तो धरा, म्हणजे धातू गडद होईल. मग एकच लहान दिवा अगदी आडवा, टेबलापासून १०-१५ अंशांवर, बाजूने मारा. कोरलेल्या कडा तेवढ्या उजेड पकडतात आणि गडद सोन्यावर अक्षरं चमकून उठतात. 

बीआयएसचं चिन्ह, शुद्धता म्हणजे २२के९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळखक्रमांक), तिन्ही एका चौकटीत हवीत. एचयूआयडी १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे आणि ग्राहक तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघतात, तेव्हा ०, ओ, ८, बी यांत गोंधळ होणार नाही इतकं स्पष्ट काढा. या एका फोटोला पार्श्वभूमी पांढरी नसली तरी चालेल, तिथे कुणी पार्श्वभूमी बघत नाही. आणि एक्स्टेन्शन ट्यूब घेतलीत तर तिचा खरा उपयोग इथेच आहे, १२ मिमीची पुरेल.